ट्रकच्या एसीची हवा समोरून येतच नाही, सगळी काचेवर जाते

नाशिक_गाडीवाला
मंडळी, आमची दहा चाकी गाडी, चार वर्षं झाली, एसी मूळचाच. पंधरा दिवसांपासून नॉब तोंडाच्या खुणेवर ठेवला तरी समोरच्या जाळीतून हवा नावाला येते, बाकी सगळी काचेवर आणि थोडी पायात. गार आहे, ब्लोअर पण जोरात फिरतो. एसीवाला म्हणतो गॅस भरू, नाही झालं तर डॅशबोर्ड खोलू, दोन दिवस गाडी उभी. गाडी पिंपळगाव ते वाशी मार्केट कांद्यावर असते, उभी ठेवून कसं चालेल. आणि खरी काळजी वेगळीच, परवा पहाटे कसारा घाटात पावसात समोरची काच पांढरी झाली, ड्रायव्हरने एसी वाढवला तर अजूनच दिसेना, शेवटी कशीबशी कडेला घेतली. कुठून बघायला सुरुवात करू?

केबिनमिस्त्री
दादा गॅस अजिबात भरू नका. हवा गार आहे म्हणजे गॅस ठीक आहे, हवा कुठे जायची ते आतले फ्लॅप म्हणजे छोट्या झडपा ठरवतात, त्याचा गॅसशी संबंधच नाही. आधी नॉब फिरवून बघा, एकदम हलका लागतोय का? लागत असेल तर नॉबपासून फ्लॅपकडे जाणारी केबल निसटलीय. डावीकडचा खण काढा, एसीच्या डब्याच्या बाजूला प्लास्टिकचा लिव्हर दिसेल, एकाने नॉब फिरवायचा आणि दुसऱ्याने बॅटरी मारून बघायचं लिव्हर हलतो का. नाही हलला तर हाताने ढकला, हवा समोर आली की समजा फ्लॅप चांगला आहे, केबल नाहीतर तिची क्लिप गेलीय. नॉबऐवजी बटण असेल तर मग छोटी मोटर असते, कट-कट आवाज आला तर तिचा गिअर तुटलाय. आणि लिव्हर अडकत असेल तर जोर लावू नका, आत काहीतरी पडलेलं असतं.

घाटरस्ता
काचेचं मी सांगतो कारण माझ्यासोबत झालंय. गार हवा सतत काचेवर बसली की काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून जमते. आतून पुसून काही होत नाही. अशा वेळी वायपर मारायचा आणि हवा काचेवरून काढायची, निघत नसेल तर तापमानाचा नॉब गरमकडे न्यायचा किंवा एसी बंद करून टाकायचा. तुमच्या ड्रायव्हरला आजच फोन करून सांगा, दुरुस्ती होईल तेव्हा होईल.

डलासकर
इकडे टेक्सासात माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपला असंच व्हायचं, पण फक्त चढावर. त्यात फ्लॅप इंजिनच्या व्हॅक्युमवर म्हणजे नळीतून येणाऱ्या हवेच्या ओढीवर चालतात, इंजिनवर लोड आला की व्हॅक्युम पडतो आणि नळी फुटकी असेल तर फ्लॅप आपोआप काचेकडे जातो, काच साफ राहावी म्हणून रचनाच तशी केलेली असते. माझी बॅटरीजवळची बारीक नळी तडकली होती. तुमचं कायमच होतंय म्हणजे केबलच असणार, चढावरच होत असतं तर वेगळं.

केबिनमिस्त्री
बरोबर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे, त्यामुळे अशा तक्रारी आता वाढणार. आपल्या हायवेवरच्या गॅरेजवाल्यांनी फ्लॅपचं काम शिकून घ्यायलाच पाहिजे, प्रत्येकाला गॅस भरून पाठवणं बरोबर नाही, ड्रायव्हर बिचारा तसाच घामात बसतो.

नाशिक_गाडीवाला
सापडलं! खण काढला, नॉब फिरवला तरी लिव्हर जागचा हलेना, केबलची बाहेरची क्लिप निघून केबलच मागेपुढे होत होती. हाताने लिव्हर ढकलला तर अर्ध्यावर अडकला, काचेजवळच्या जाळीतून पेनाचं टोपण आणि वाळलेली झेंडूची फुलं आत गेलेली, डॅशबोर्डवर देव आहे ना त्याच्या हारातली. अडकल्यावर नॉब जोरात फिरवला गेला असणार म्हणून क्लिप निघाली. चिमट्याने सगळं काढलं, क्लिपच्या जागी केबल टाय घट्ट मारला, नवीन क्लिप मिळाली की बसवतो. दीड तास लागला, डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही. देव आता डाव्या कोपऱ्यात घेतलाय आणि जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावलाय. काल वाशीला माल उतरवल्यावर ड्रायव्हरचा फोन आला, घाटात काच पूर्ण साफ होती म्हणाला. केबिनमिस्त्री दादा, घाटरस्ता, मनापासून आभार.