गोव्यात लेटरबॉक्सिंगची सुरुवात कशी करावी?

प्रश्न: पायवाट (फोंडा)

नमस्कार. लेटरबॉक्सिंग या छंदाविषयी गेल्या काही महिन्यांत बरेच वाचले आणि तो मनापासून आवडला. कोणीतरी एखाद्या आडजागी लहानशी हवाबंद पेटी ठेवतो, तिच्यात रबरी शिक्का आणि नोंदवही असते, आणि तिथवर पोहोचण्याच्या खुणा कोड्यातून किंवा दिशा-पावलांच्या हिशेबातून इतरांना दिल्या जातात. शोधणारा स्वतःचा शिक्का पेटीतल्या वहीत उमटवतो, पेटीतला शिक्का आपल्या वहीत घेतो आणि पेटी होती तशी ठेवून परततो, एवढे मला समजले आहे. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे जीपीएसच्या आधारे अशाच पेट्या शोधण्याच्या खेळात, मोबाइल आपल्याला जागेपाशी नेऊन सोडतो. इथे वाचावे लागते, आजूबाजूला नीट पाहावे लागते आणि शिक्का हाताने कोरता येतो, म्हणून मला हा छंद अधिक जवळचा वाटला.

मी शाळेत शिकवते. घरी बारा वर्षांची भाची आहे, आणि शेजारची दोन-तीन कुटुंबे रविवारी सकाळी आमच्याबरोबर चालायला यायला तयार आहेत. अडचण अशी की आमच्या परिसरात शोधण्याजोगी एकही पेटी मला आढळली नाही. मग सुरुवात कुठून करावी? शिक्का दुकानातून करून घ्यावा की घरी कोरावा? पेटी कुठे ठेवली तर कोणाचा आक्षेप येणार नाही? आणि आपल्याकडच्या पावसात कागदाची वही टिकते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: सडा (डिचोली)

ताई, शोधायला पेटी नाही म्हणून थांबू नका. आधी ठेवणारा असावा लागतो, आणि हा छंद जिथे जन्मला तिथेही तसेच घडले. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा विस्तीर्ण, ठिकठिकाणी दलदलीचा माळ आहे. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल ही अत्यंत दुर्गम जागा असून, १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली, जेणेकरून एवढी पायपीट करून आलेल्या माणसाला आपल्या नावाचे कार्ड मागे ठेवता यावे. पुढे लोक तिथे पोस्टकार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा ती घेऊन टपालात टाकू लागला. शिक्के नंतर आले. १९३७ साली त्या जागी ग्रॅनाइटची पेटी बांधली गेली. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्यावर लेख आल्यानंतर. जिओकॅशिंग त्याहूनही नवे, म्हणजे २००० सालच्या मे महिन्यातले. हा इतिहास अशासाठी सांगितला की सुरुवातीला एकच बाटली होती आणि ती ठेवणारा माणूस त्या भूमीची खडान्‌खडा माहिती असलेला होता. आपणही आपल्या पायाखालच्या ओळखीच्या वाटेपासूनच सुरुवात करावी.

मात्र डार्टमूरची पद्धत जशीच्या तशी उचलून गोव्यात चालणार नाही, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. तिथे मैलोन्‌मैल उघडा माळ पायी फिरणाऱ्यांना खुला आहे. आपल्याकडे ओसाड दिसणाऱ्या सड्यालाही (कातळाच्या पठारालाही) कोणीतरी धनी असतो: कुठे कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), कुठे देवस्थान, कुठे भाटकार (जमीनदार), कुठे वनखाते. फेब्रुवारी ते मे या काळात काजूच्या बागायतीत लोक पहाटेपासून बोंडू गोळा करत असतात, आणि अशा वेळी अनोळखी माणसे झाडाखाली वाकून काही शोधताना दिसली तर त्यांना राग येणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून पहिली पेटी अशाच जागी ठेवावी जिथल्या धन्याला समोर बसून विचारता येईल आणि तो समजून-उमजून ‘हो’ म्हणेल. नातेवाइकांचे भाट (माडांची बागायत), ओळखीच्या माणसाचे कुळागर (पोफळीची बाग), आपल्याच शाळेमागचा उतार, या जागा उत्तम. माझ्या मते पेटी, शिक्का, कोडे या सगळ्याच्या आधी ही परवानगी येते, आणि ती मिळेपर्यंत बाकी कशाचीही घाई करू नये.

काही जागा मात्र विचारात घेऊच नयेत. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर ही अभयारण्ये आणि चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य यांत नियम पाळून फिरायला जावे, पण तिथे कोणतीही वस्तू मागे ठेवू नये. तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर, हरवळ्याच्या गुंफा, कुशावतीच्या काठची उसगाळीमळची कातळशिल्पे यांच्या आवारात किंवा लगतही नको. डार्टमूरच्या आचारसंहितेतही प्राचीन अवशेष, जुन्या भिंती आणि धोक्याच्या जागा वर्ज्य आहेत, आणि पेटी बसवण्यासाठी सिमेंट वापरण्यास मनाई आहे. आपण त्यात देवराया, घुमट्या, खुरीस (क्रूस) आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, मानशी (पाणी अडवणारी दारे) यांची भर घालावी. मानशीच्या दारांशी कोणी खेळले तर खारे पाणी शेतात शिरते, आणि देवराईत काय चालते व काय चालत नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या गावाचा आहे.

पेटी पारदर्शक असावी. रेल्वे स्थानक, विमानतळ, पूल, बसस्थानक यांच्या आसपास बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलिसांना बोलावतात, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते. झाकणावर मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत ‘हा शोधखेळाचा डबा आहे, आत फक्त वही आणि शिक्का आहे, कृपया होता तिथे ठेवावा’ असे ठळक लिहून खाली एक ईमेल पत्ता द्यावा. गावच्या पंचाच्या कानावरही घालून ठेवावे.

उत्तर: ठसा (म्हापसा)

शिक्क्याविषयी मी लिहितो. दुकानातून करून घेतलेला शिक्का चालतो, पण भाचीच्या हाताने कोरलेल्या शिक्क्याची सर त्याला येत नाही, आणि काम वाटते तितके अवघड नाही. मोठे, मऊ, पांढरे खोडरबर घ्यावे. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, म्हणजे ४बी किंवा ६बीने, चित्र सरळ काढावे. मग तो कागद पेन्सिलीची बाजू खाली करून खोडरबरावर ठेवावा आणि पाठीमागून नखाने घासावा. चित्र आपोआप उलटे उतरते, त्यामुळे शिक्का उमटवल्यावर ते सरळ दिसते. अक्षरे असतील तर ही पद्धत वापराच, कारण देवनागरी उलटी लिहिणे डोळ्याला फार फसवते.

कोरायला लिनोकटची (लिनोलियम कोरून ठसे घेण्याच्या कलेची) हत्यारे घ्यावीत. इंग्रजी व्ही आकाराच्या पात्याने कडा आखायच्या, यू आकाराच्या पात्याने मधला भाग काढायचा. खाच आत खोल जाताना रेषेपासून बाहेर कलती असावी. सरळ उभी किंवा रेषेच्या पोटात शिरणारी खाच घेतली तर बारीक रेषेला खालून आधार उरत नाही आणि चार-सहा वेळा दाबल्यावर ती तुटते. वळण घेताना हत्यार स्थिर ठेवून खोडरबर फिरवावे. रेषा गुळगुळीत येते. धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे. पहिले चित्र सोपे घ्या: काजूचा बोंडू, माडाचे झाप, होडी. कोरून झाले की हलकी शाई लावून एक ठसा घ्यावा. कोऱ्या राहायला हव्या त्या जागी जिथे शाई उमटेल तिथे अजून थोडे खरवडायचे, असे करत करत चित्र स्वच्छ होते.

एक काळजी घ्यावी: खोडरबर प्लॅस्टिकच्या डब्याला थेट चिकटून राहिले तर काही महिन्यांत तिथे विरघळल्यासारखे होते. शिक्का कापडात गुंडाळून ठेवावा.

उत्तर: आडवाट (वाळपई)

वर सगळे उत्तम आले आहे. मी पाऊस आणि सुरक्षितता एवढ्यापुरते बोलतो.

वही पावसात टिकते का, याचे सरळ उत्तर असे की टिकवायचा प्रयत्नच करू नये. मृग लागण्यापूर्वी पेटी घरी आणावी आणि दसऱ्यानंतर पुन्हा ठेवावी. झाकण कितीही घट्ट असले तरी आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत प्रत्येक उघडझापीबरोबर आत ओल जाते. पाने फुगतात, एकमेकांना चिकटतात, शाई पसरते आणि शिक्क्यावर बुरशीचा पांढुरका थर येतो. पाऊस नसतानाही वैरी आहेतच. जमिनीला टेकलेल्या डब्याला तडा असेल तर वाळवी मातीची नळी चढवत आत शिरते आणि वहीचा पुठ्ठा पोखरून टाकते. म्हणून डबा जमिनीवर नको. झाडाच्या बेचक्यात, साधारण छातीच्या उंचीवर, सुतळीने बांधून ठेवावा. झाडाला खिळा मारू नये. वही आणि शिक्का वेगवेगळ्या झिप पिशव्यांत ठेवून सोबत सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि लिहिण्यासाठी पेनाऐवजी पेन्सिल ठेवावी. स्टॅम्प पॅड पेटीत ठेवूच नये. ते लवकर सुकते किंवा गळते. शोधणाऱ्याने आपले आपण आणावे. खाऊ, चॉकलेट, उदबत्ती असे वासाचे काहीही आत नको, नाहीतर माकडे आणि मुंग्या आपल्याआधी पेटी उघडतात.

डबा छातीच्या उंचीवर ठेवण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या सड्यांवर फुरसे असते आणि दगडांच्या फटी, पडक्या गडग्यांच्या सांदी या त्याच्या हक्काच्या जागा. नाग, घोणस, मण्यार हेही आहेत. ज्या जागेत हात घालण्यापूर्वी आतले दिसत नाही अशा जागी पेटी ठेवणे, विशेषतः मुलांसाठी, अत्यंत बेजबाबदारपणाचे ठरेल. पायांत बंद बूट, हातात काठी, आणि काही झालेच तर वेळ न दवडता सरकारी इस्पितळ, हे पक्के ठरलेले असावे.

सत्तरी तालुक्यात राहतो म्हणून आणखी एक सांगतो. २०१५पासून आमच्या भागात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि हा आजार गोचिडींमार्फत पसरतो. कोरड्या महिन्यांत, नेमक्या आपल्या फिरण्याच्या मोसमात, रानात पालापाचोळ्यात बसू नये, लांब बाह्यांचे कपडे घालावेत, घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

पायवाट (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बेतोड्याला माझ्या मामांचे भाट आहे आणि त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. आता एकच शंका उरली: खुणा किती अवघड कराव्यात, आणि होकायंत्राचा वापर मुलांना जमेल का?

उत्तर: सडा (डिचोली)

नक्की जमेल. गोव्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अगदी थोडा फरक पडतो, त्यामुळे आपल्या कामापुरता तो विसरला तरी चालतो. वाचन घेताना मोबाइल, किल्ल्या आणि काटेरी तारेचे कुंपण यांपासून दूर उभे राहावे, एवढे पुरे. लक्षात ठेवायचा आकडा असा: दिशा एका अंशाने चुकली तर १०० मीटरवर माणूस पावणेदोन मीटर बाजूला जातो. मुलांच्या हातून पाच अंशांची चूक सहज होते, म्हणजे जवळजवळ नऊ मीटर, आणि तेवढ्यात झाड बदलते. म्हणून लांबचा एकच टप्पा न देता वीस-तीस मीटरचे टप्पे द्यावेत आणि प्रत्येक टप्पा न हलणाऱ्या ठळक खुणेवर संपवावा. पावलांचे अंतर माणसागणिक बदलते. आधी शाळेच्या मैदानावर पन्नास मीटर आखून प्रत्येकाने आपली पावले मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत, आणि खुणांमध्ये मात्र मीटरच द्यावेत.

नमुना म्हणून अशी मांडणी करता येईल: ‘जुन्या बावीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहा. ११० अंश धरून २५ मीटर चाला. आता तुमच्याजवळ दोन झाडे आहेत; ज्याच्या बुंध्यालाच फळे धरतात ते नव्हे, दुसरे. त्याच्याकडून २०० अंशांवर तीन फांद्यांचा आंबा दिसेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीच्या मध्ये पाहा.’ फणस कोणता हे ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोडे मुलाला झाडाकडे पाहायला लावणारे असावे. केवळ शब्दांची कसरत करणारी कोडी घरात बसूनही सुटतात. खुणा लिहून झाल्या की जागा न पाहिलेल्या कोणालातरी त्या देऊन, आपण मागे गप्प राहून चालावे. तो जिथे अडखळेल तिथले वाक्य बदलावे.

मामांना एवढे मात्र आधी विचारून घ्या की नारळ पाडण्याचे आणि शिंपण्याचे दिवस कोणते. त्या दिवशी तिथे कोणी शोधायला येऊ नये, हे खुणांच्या पहिल्याच ओळीत लिहावे.