लॅपटॉपचा दिवा लुकलुकतो, स्क्रीन काळीच राहते: मदरबोर्ड बदलावा का?

केतकी
नमस्कार. पाच वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप परवापासून सुरू होत नाही. बटण दाबले की पंखा फिरतो, दिवा काही वेळा लुकलुकतो, पण स्क्रीनवर कंपनीचे चिन्हसुद्धा उमटत नाही. गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात तो उघडून न पाहताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले, आणि सांगितलेल्या खर्चात वापरलेला दुसरा लॅपटॉप येईल. वडिलांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे त्यातच आहेत. आधी आणखी काही तपासता येईल का?

उंबरठा
केतकीताई, दिवा किती वेळा लुकलुकतो ते आधी मोजा. कंपनी आणि मॉडेल कळल्याशिवाय व हा आकडा हाती असल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका. बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी बायोस (मदरबोर्डवरची, लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) प्रोसेसर, रॅम (तात्पुरती मेमरी) आणि ग्राफिक्स यांची तपासणी करते, आणि ती मध्येच अडली तर स्क्रीन अजून चालूच झालेली नसल्यामुळे बिघाड कळवायला दिवा किंवा बीप एवढेच साधन तिच्याजवळ उरते. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच मॉडेलांत दिवा आधी नारिंगी, मग पांढरा लुकलुकतो: 2 नारिंगी आणि 3 पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही, 2 आणि 1 म्हणजे प्रोसेसर, 2 आणि 7 म्हणजे स्क्रीन. एचपीमध्ये कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा पाहावा लागतो. थिंकपॅडची काही मॉडेले बीपची सुरावट वाजवतात, जी लेनोव्होचे निदानाचे मोबाइल ॲप ऐकून ओळखते. डोळ्यांनी मोजताना हमखास गोंधळ होतो, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मधल्या लांब विरामापासून मोजायला सुरुवात करा.

त्याआधी चार्जर व लावलेल्या सगळ्या यूएसबी वस्तू काढून पॉवरचे बटण 30 सेकंद दाबून धरा आणि मग फक्त चार्जर लावून पाहा. उरलेला विद्युतभार निघून गेल्यावर काही लॅपटॉप एवढ्यानेच सुरू होतात.

सह्यकडा
वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालतो, कारण प्रश्न कागदपत्रांचाही आहे. चिन्ह दिसल्यानंतर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश आला असता, किंवा एचपीवर 301 हा क्रमांक दिसला असता, तर संशय डिस्कवर गेला असता आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे घातक ठरले असते. तुमच्याकडे बिघाड त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे, तेव्हा डिस्क बहुधा शाबूत असावी. एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, सुटी असेल तर ती काढून बाहेरच्या डबीत बसवून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असली, तर ती दुसरीकडे जोडल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बहुतेकांना आपल्या लॅपटॉपवर असे कुलूप आहे हे ठाऊकच नसते. घरगुती लॅपटॉपची की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा.

केतकी
दोघांचेही मनापासून आभार. बटण दाबून धरल्याने फरक पडला नाही, पण व्हिडिओ हळू करून मोजता आले, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्या क्रमासमोर रॅम न सापडल्याची नोंद आहे. की खात्यात मिळाली. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. त्या मी स्वतः काढू शकते का?

उंबरठा
अवश्य. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवा, आणि पट्टीला हात लावण्यापूर्वी धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सरकवल्या की पट्टी तिरकी वर उठते. ती कडेने धरा, सोनेरी टोकांना बोटे लावू नका. टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून पूर्ण वाळू द्या. मग एकच पट्टी एका खाचेत बसवून सुरू करा, तीच दुसऱ्या खाचेत, त्यानंतर दुसरी पट्टी त्याच क्रमाने. पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका. एक पट्टी कोणत्याही खाचेत चालली नाही आणि दुसरी दोन्हींत चालली, तर दोष पट्टीचा आहे आणि तेवढीच बदलावी लागेल. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत अडल्या तर दोष खाचेचा असतो. तरीही चांगल्या खाचेतल्या एका पट्टीवर लॅपटॉप सुरू करून कागदपत्रे आधी बाहेर काढा, मदरबोर्डची चौकशी त्यानंतर करा.