स्नोआरएनए आणि स्प्लायसिंग: बाण नक्की कुठून कुठे काढायचा?

शंकेखोर:
सोमवारी सेमिनार आहे, स्लाइडवर कोण कोणावर परिणाम करतं ते बाणांनी दाखवायचंय आणि दोन ठिकाणी गाडी अडलीय. स्नोआरएनए (न्यूक्लिओलस या केंद्रकातल्या भागातले छोटे आरएनए) रायबोसोमल आरएनएवर मिथिलेशन, म्हणजे मिथिल गट बसवणं, कुठे करायचं ते दाखवतात, इथवर डोक्यात शिरलं. पण 'म्हणून ते स्प्लायसिंगवरही (आरएनएतले इंट्रॉन नावाचे मधले तुकडे कापून उरलेले जोडणं) परिणाम करतात' ही उडी कुठून आली? रायबोसोमचा आणि स्प्लायसिंगचा काय संबंध?
दुसरी अडचण शाळकरी आहे. स्नोआरएनएतल्या डी पेटीपासून (सी-यू-जी-ए हा ठरलेला अनुक्रम) मागे पाचवा न्यूक्लिओटाइड ज्याच्याशी जोडी करतो त्यावर मिथिल बसतो, असा नियम. मी कागदावर तीनदा मोजलं, दर वेळी उत्तर एका घराने चुकतंय.

पेट्रीबशी:
आधी मोजणी. सी-यू-जी-ए मधला 'सी' धरून मोजताय ना? तो पेटीचा आहे, सोडा. त्याच्या लगेच आधीचा तो पहिला. मी हीच चूक करून एकदा भलत्या जागेसाठी प्रायमर मागवून बसले होते.

आता उडी. तुम्ही स्नोआरएनए म्हणजे रायबोसोमचा नोकर असं धरलंय, तिथे गोची आहे. फायब्रिलारिन या एन्झाइमला मिथिल लावता येतो, पण कुठे लावायचा हे त्याला कळत नाही. पत्ता स्नोआरएनए सांगतो, जोडी जुळवून. स्यूडोयुरिडीनचंही (युरिडीनचं बदललेलं रूप) तसंच; तिथे एन्झाइम डिस्केरिन आणि पत्ता सांगणारे एच/एसीए नावाच्या दुसऱ्या गटातले स्नोआरएनए. आता पत्ता बदला. स्प्लायसोसोमचे (स्प्लायसिंग करणारं यंत्र) यू१, यू२, यू४, यू५, यू६ हेही आरएनएच. यू२ सारख्यांचे पत्ते काहाल बॉडीतले (केंद्रकातलाच दुसरा भाग) स्काआरएनए, म्हणजे स्नोआरएनएंचे भाऊबंद, सांगतात, यू६चे न्यूक्लिओलसमधले स्नोआरएनए. यू६ इंट्रॉनच्या सुरुवातीच्या टोकाशी जोडी करतो, म्हणजे बदल थेट हत्यारावरच होतात.

पुरावा हवा तर लार्प७ बघा. हे प्रथिन यू६ला त्याच्या स्नोआरएनएंशी गाठ घालून देतं. ते काढून टाकलं की यू६वरचं मिथिलेशन घटतं आणि काही जनुकांचं स्प्लायसिंग ढळतं. उंदरांमध्ये शुक्राणू नीट बनत नाहीत. माणसात हे जनुक बिघडलं की अलाझामी सिंड्रोम हा दुर्मिळ जन्मजात आजार होतो.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट: माणसाचे बहुतेक स्नोआरएनए स्वतःच इंट्रॉनमध्ये असतात. इंट्रॉन कापला जातो, कापताना त्याचा झालेला फास सुटतो, दोन्ही टोकं कुरतडली जातात आणि प्रथिनांनी झाकलेला तेवढा तुकडा उरतो. कापून टाकलेल्या चिंध्यांतूनच कात्रीची धार निघते म्हणा ना.

शंकेखोर:
मोजणी जुळली! 'सी'च नडत होता. पण मग स्नॉर्ड११५ हा स्नोआरएनए? तो तर थेट सेरोटोनिन रिसेप्टरचं स्प्लायसिंग बदलतो असं वाचलं. स्लाइडवर जाड बाण काढलाय.

जुनाखोडरबर:
तो बाण जरा बारीक करा. २००६मध्ये पेशींवरच्या प्रयोगांतून तसं मांडलं गेलं. स्नॉर्ड११५चे १८ न्यूक्लिओटाइड त्या सेरोटोनिन रिसेप्टरच्या (२सी प्रकार) आरएनएशी जुळतात, तेव्हा कल्पना मोहात पाडणारीच होती. शिवाय प्राडर-विली सिंड्रोमच्या (अनावर भूक लागणारा जन्मजात आजार) बहुतेक रुग्णांत हा जनुकसमूह गेलेला असतो. पण २०२०मध्ये स्नॉर्ड११५ नसलेले उंदीर तयार केले, तर स्प्लायसिंग जसंच्या तसं! आरएनए एडिटिंगमध्ये (आरएनएतली अक्षरं बदलणं) मेंदूच्या काही भागांत थोडा फरक, खाणंपिणं नेहमीसारखं. उलट स्नॉर्ड११५ शाबूत आणि शेजारचा स्नॉर्ड११६ गेलेला, अशा मोजक्या रुग्णांत आजाराची मुख्य लक्षणं दिसलीत. नुसतं अनुक्रम जुळणं म्हणजे काम करणं नव्हे.

पेट्रीबशी:
+१. मिथिलेशन स्वतः तपासायचं असेल तर डीएनटीपी (डीएनए बनवायचा कच्चा माल) कमी टाकून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणं, करा. मिथिलपाशी एन्झाइम अडखळतं आणि त्यापलीकडच्या तुकड्याची जेलवरची पट्टी फिकी पडते. तुलनेसाठी भरपूर डीएनटीपीची नळी शेजारी हवीच. माझी पट्टी पहिल्याच प्रयत्नात गायब झाली तेव्हा मी गाईडला बोलावून दाखवली. त्यांनी शांतपणे शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथेही काही नव्हतं, आरएनएच कुजला होता.

शंकेखोर:
यू६चा बाण जाड, स्नॉर्ड११५चा तुटक रेषेचा केला. वर २००६ आणि २०२० दोन्ही साल लिहिलीत, म्हणजे प्रश्न तिथूनच येईल.