हॅगार्ड म्हणजे नुसता खजिना आणि लढाया?

वर कुणीतरी लिहिलंय की इंग्रज साहसकथाकार रायडर हॅगार्डकडे खजिना, नकाशे न् लढाया सोडून काही नाही, माणसाचं दुःख त्याला जमलंच नाही. 'किंग सॉलोमन्स माइन्स'पुरतं (1885) मान्य, पण त्याच्या पुढचं 'ॲलन क्वाटरमेन' (1887) उघडून बघा. सुरुवातच दोन्ही पुस्तकांचा नायक क्वाटरमेन आपल्या एकुलत्या एक पोराला, हॅरीला, पुरून आलाय तिथून होते, पोरगा डॉक्टरकी शिकत होता आणि देवीच्या रोगाने गेला. शवपेटी खड्ड्याशी टेकवलीये, वर काळं कापड, आणि त्यावर बर्फाचे चार-दोन मोठे पांढरे कण येऊन पडतात, बस्स, एवढंच सांगतो तो. मला ते पान अजून वाचवत नाही.

आणि कुणी सांगितलं नाही ते हे, की ही कादंबरी हॅगार्डने स्वतःच्या मुलाला अर्पण केलीये, नाव घालून. घरात त्याला जॉक म्हणायचे, तोही एकुलताच मुलगा. पुढे 1891 मधे हॅगार्ड नवरा-बायको मेक्सिकोत असताना जॉक इकडे इंग्लंडमधे गोवर होऊन गेला, नऊ वर्षांचा होता फक्त. म्हणजे बापाने आधी लिहून ठेवलं आणि चार वर्षांनी तेच त्याच्या घरात घडलं. त्याच मेक्सिकोवरच्या 'माँटेझुमाज डॉटर'मधे (1893) नायकाची मुलं एकामागून एक जातात, ती प्रकरणं हे माहीत असताना वाचा एकदा, साहसकथा वाटतच नाहीत हो ती.