मदत हवी आहे : 'चांदवा' शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी,

देवावर किंवा गौरींवर नक्षीचं कापड छतासारखं ताणून बांधतात, त्याला आमच्या घरी चांदवा म्हणतात. आजेसासूबाईंचा चांदवा माझ्याकडे आहे. लाल मखमल, मधोमध जरीचं वाटोळं, चार कोपऱ्यांत आत वळलेल्या कोयऱ्या, कडेने वीतभर झालर. यंदा गणपतीत आमच्या सोसायटीत (कोथरूड) जुन्या घरगुती कापडांचं प्रदर्शन आहे. तिथे त्याच्याशेजारी चार ओळी लिहायच्या आहेत आणि त्या बिनचूक असाव्यात असं फार वाटतं.

नाड्या बदलायला रविवार पेठेत नेला, तर शिंपीकाका त्याला नुसतं 'छत' म्हणाले. शेजारच्या गुजराती जैन काकूंनी मात्र बघताक्षणी 'चंदरवो' म्हटलं. त्यांच्याकडे साधुमहाराजांच्या आसनावर बांधतात तो चंदरवो आणि पाठीमागे लावतात ते पूठियुं. ओडिशात पिपिलीच्या ठिगळकामातल्या छतालाही 'चांदुआ' म्हणतात. म्हणजे शब्द एकट्या मराठीचा नाही, मूळ जुनंच असणार.

संस्कृतात 'चंद्रातप' आहे. त्याचा अर्थ चांदणं आणि छतही. त्यातला 'प' प्राकृतातून येताना 'व' होतो, जसा दीपचा दिवा, तापचा ताव. मधला 'त' गळला की चांदवा जवळच येतो. मला हेच पटतं. पण यजमान म्हणतात, एवढं लांब कशाला जायचं, मधल्या वाटोळ्यालाच चांद म्हणत असतील, त्यावरून चांदवा. माझी शंका अशी, की मग वाटोळं नसलेल्या कापडाला तेच नाव कसं? अमरकोशात याच वस्तूला 'वितान' आणि 'उल्लोच' हे शब्द दिलेत. त्यातला वितान निदान कवितेत तरी टिकला, उल्लोच बोलण्यातून पार गेला.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२-३८) किंवा कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश (१९४६) कुणाच्या घरी असेल, तर 'चांदवा'ची नोंद जशीच्या तशी इथे टंकाल का? जुन्या मराठी पोथ्यांत हा शब्द कुणी वाचला असेल, तर ती ओळही हवी आहे. आणि तुमच्याकडे, कोकणात, विदर्भात, खानदेशात, या कापडाला काय म्हणतात? वाटोळं नसलेल्यालाही चांदवाच म्हणतात का, हे आवर्जून सांगा. माझा निम्मा प्रश्न त्यावरच सुटेल.