बाळाचा कान सारखा फुटतोय, ऐकू नीट येत असेल ना? मदत हवी आहे

नमस्कार, माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे आणि पावसाळा लागल्यापासून कानाचं दुखणं काही त्याची पाठ सोडत नाहीये. दर वेळी तोच प्रकार, आधी सर्दी, नाक गळत राहतं, मग एखाद्या रात्री ताप चढतो आणि आडवं केलं की किंचाळतो, खांद्यावर उभं घेतलं की जरा निवतो. मागच्या आठवड्यात तर रात्रभर रडून पहाटे एकदम शांत झोपला, आम्हाला वाटलं औषध लागू पडलं, आणि सकाळी बघतो तर उशीच्या अभ्र्यावर पिवळट ओला डाग आणि कानाच्या पाळीवर सुकलेला पू. डॉक्टर म्हणाले पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला, आतला दाब गेला म्हणून ठणका थांबला, आणि असं भोक बहुतेक वेळा आपलं आपण भरून येतं.

कारणही त्यांनी नीट सांगितलं. नाकाच्या मागून मधल्या कानात जी नळी जाते ती लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीत ती सुजून बंद झाली की कानात पाणी साठतं आणि त्यात जंतू वाढतात. सध्या अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक १० दिवस आणि दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल असं चालू आहे.

आता माझी खरी काळजी. दुसरा कान फुटलेला नाही पण त्यातही पडद्यामागे पाणी आहे असं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी अजिबात नाही. आई, बाबा, भू-भू, काऊ यापलीकडे शब्द नाहीत, त्याच्याच वयाची शेजारची मुलगी दोन-दोन शब्द जोडून बोलते. डॉक्टर म्हणतात थांबू, पाणी ३ महिने तसंच राहिलं तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात नळी बसवायचा विचार करू. एवढ्याशा पोराला भूल द्यायची या विचारानेच पोटात गोळा येतो, पण थांबण्यात त्याचं बोलणं मागे पडलं तर? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

आणि घरचा एक प्रश्न, सासूबाईंना लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायचंय आणि आंघोळीनंतर ओवा-बाळंतशेपाची धुरी पण द्यायची आहे. त्या मायेनेच सांगतात, त्यांना दुखवायचं नाहीये, कसं समजावू?

प्रतिसाद:
ताई, माझ्या मुलीला अडीच वर्षांची असताना दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले. आधी आम्हीही थांबलो होतो आणि ते बरोबरच असतं, कारण इन्फेक्शननंतरचं पाणी बऱ्याच मुलांत ३ महिन्यांत आपोआप ओसरतं. हिचं नाही ओसरलं. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बसवायची अगदी बारीकशी नळी, पूर्ण भूल द्यावी लागते पण काम थोड्या मिनिटांचं, त्याच दिवशी घरी आणलं. नंतर ती नळी साधारण वर्षभरात आपणहून गळून पडते. थांबायचं ठरवलंत तरी टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघायची तपासणी) आणि ऐकण्याची तपासणी करायला सांगा, दुखत नाही. बोलणं मागे आहे असं वाटतंय हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, तसं असेल तर ते ३ महिने थांबायचे नाहीत कदाचित. तोवर त्याच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, जवळून बोला.

प्रतिसाद:
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. फुटलेल्या कानात तेल, लसूण, दूध काहीही घालायचं नाही, पडद्याला भोक असताना ते थेट मधल्या कानात जातं. काडीने पू पण काढू नका, बाहेर आलेला तेवढा मऊ कापडाने टिपा. सासूबाईंना पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या आणि डॉक्टरांनाच सांगू द्या, आमच्याकडे येणाऱ्या आज्या डॉक्टरांचं पटकन ऐकतात, आणि तेलाने अंगाला मालिश करायला कोणाचीच ना नाही. धुरी मात्र बंदच, धूर मग तो धुरीचा असो, उदबत्तीचा की सिगरेटचा, नाकामागून कानात जाणाऱ्या नळीला सूज आणतो. बाटलीने दूध पीत असेल तर झोपवून देऊ नका, डोकं वर ठेवून पाजा. कानाचं इन्फेक्शन करणाऱ्या न्यूमोकॉकल जंतूंवरची लस (पीसीव्ही) झालीये का ते कार्डावर बघा, ती २०२१ पासून देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. आणि कानामागे लाल सूज, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, मान आखडणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं किंवा पोर सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, लगेच हॉस्पिटल गाठा. बरं वाटलं म्हणून अँटिबायोटिक मध्येच सोडू नका.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. कार्ड काढून बघितलं, पीसीव्हीचा बूस्टर राहिलाय, ताप गेला की विचारते. सोमवारी टिम्पॅनोमेट्रीची वेळ घेतली आहे आणि सासूबाई पण येतायत. ग्रोमेट असताना डोक्यावरून आंघोळ कशी घालायची?

प्रतिसाद:
साधं पाणी थोडं गेलं तर फारसं बिघडत नाही, साबणाचं जाऊ द्यायचं नाही. आम्ही कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी ठेवायचो. पोहायचं मात्र डॉक्टरांना विचारूनच.