उलटा पेंटाग्राम म्हणजे सैतानच असं नाही

कोणीतरी लिहिलंय की पेंटाग्राम, म्हणजे पाच टोकांचा तारा, उलटा (एक टोक खाली) काढला की तो सैतानाचाच. मला नाही पटत. सुलटा चांगला आणि उलटा वाईट हा भेद ठसवला एलिफास लेव्ही या गूढविद्येवर लिहिणाऱ्या फ्रेंच माणसाने, तोही १९व्या शतकात, आणि गार्डनेरियन विक्कामध्ये (विक्का या आधुनिक निसर्गपूजक धर्माच्या एका शाखेत) तर उलटा तारा हे दुसऱ्या दीक्षेचं चिन्ह आहे, म्हणजे त्या लोकांसाठी ते पवित्रच. अमेरिकेत विक्का मानणाऱ्या सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर पेंटॅकल (वर्तुळातला पेंटाग्राम) कोरायला परवानगी मिळाली ती २००७ मध्ये, तीही कोर्टात जावं लागल्यावर, एवढं ते त्यांना जवळचं आहे.

आणि मनगटावर याचा टॅटू काढणार असाल तर स्टेन्सिल लावल्यावर हात खाली सोडून आरशात बघाच, आपल्याला सुलटा दिसणारा तारा समोरच्याला उलटा दिसतो, माझ्या मैत्रिणीला हे नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं तिला.